टॉवर कंपनीच्या शेअरवर मोमेंटम इंडिकेटर कसे लावायचे: कागद-पेन्सिल घेऊन, क्रमाने

रविवारी सकाळी नागपुरात लक्ष्मीनगरच्या माझ्या घरी सात-आठ जण चार्ट घेऊन बसतात. पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या व्हायच्या आत कोणीतरी मोबाइल पुढे करतो. ‘भाऊ, इंडस टॉवर्सचा आरएसआय अठ्ठावीस आला. घेऊन टाकू काय?’ दर वेळी मी उलटे तीन प्रश्न विचारतो. आठवड्याच्या चार्टवर दिशा काय आहे? मधल्या काळात एक्स-डेट (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला जाहीर झालेला लाभांश मिळत नाही) होऊन गेली का? निकाल कधी आहे? तिन्हींची उत्तरं हातात असलेला माणूस क्वचितच भेटतो.

आरएसआय हा भावाच्या चालीचा जोर, म्हणजे मोमेंटम, ० ते १००मध्ये मोजणारा इंडिकेटर. तो ३०च्या खाली आला की शेअर फार पडला असं मानतात. चूक इंडिकेटरची नसते. तयारी झालेली नसते आणि क्रम उलटा झालेला असतो. मोबाइल टॉवरच्या शेअरमध्ये ही चूक जास्त महाग पडते, कारण तो महिनोन्‌महिने संथ चालतो आणि एखाद्या बातमीने एका दिवसात वर्षभराची चाल पुसून टाकतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या वेळी दोन तास लागतील, सवय झाली की वीस मिनिटांत होईल.

यातली भाव आणि टक्क्यांची उदाहरणं समजावण्यासाठी घेतलेली आहेत. कोणत्याही शेअरच्या खरेदीची ही शिफारस नाही.

## तयारी: काय काय हाताशी हवं

एक दोनशे पानी वही, एक स्प्रेडशीट आणि एकच चार्टिंग अ‍ॅप. एकच अशासाठी, की दोन अ‍ॅपवर एकाच दिवसाचा आरएसआय वेगळा दिसू शकतो. कारण पुढे येईल. किमान दोन वर्षांचे रोजचे बंद भाव उतरवून घ्या. एनएसईच्या संकेतस्थळावरून ते फुकट मिळतात, सोबत डिलिव्हरीचे आकडेही मिळतात. शेअरशेजारी निफ्टी ५० आणि भारती एअरटेल यांचे बंद भावही उतरवा. एअरटेल का, ते चौथ्या टप्प्यात कळेल.

## टप्पा १: आपण नक्की काय बघतोय ते ठरवा

टॉवर कंपनी ही घरमालक असते. मानेवाड्याकडे एखाद्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर दिसला की त्यावर अँटेनांचे किती संच आहेत ते मोजा. गच्चीच्या मालकाला टॉवर कंपनी भाडं देते आणि टॉवर कंपनी मोबाइल कंपन्यांकडून भाडं घेते. लोखंडाचा सांगाडा, पाया, बॅटऱ्या, जनरेटर हा बहुतेक खर्च पहिल्याच भाडेकरूच्या वेळी होऊन जातो. दुसरा भाडेकरू त्याच सांगाड्यावर चढतो तेव्हा त्याच्या भाड्याचा मोठा भाग थेट नफ्यात जातो. उलटही तितकंच खरं आहे. एक भाडेकरू गेला किंवा थकला तर खर्च तिथेच राहतो आणि नफा मात्र झपाट्याने घसरतो. या शेअरच्या चालीत अचानक उड्या का असतात, त्याचं मूळ इथे आहे.

बाजारात हा धंदा तीन वेगळ्या रूपांत मिळतो आणि प्रत्येकावर इंडिकेटर वेगळा वागतो.

पहिलं रूप साध्या कंपनीचं, म्हणजे इंडस टॉवर्स. भारती इन्फ्राटेल आणि जुनी इंडस यांचं विलीनीकरण नोव्हेंबर २०२०मध्ये पूर्ण झालं, त्यातून आजची कंपनी उभी राहिली. शेअरमध्ये भरपूर उलाढाल असते, फ्युचर्स-ऑप्शन्सही (थोड्या पैशांवर मोठा सौदा करता येतो ते वायदे) आहेत. या लेखातली पद्धत मुख्यतः हिच्यासाठी आहे.

दुसरं रूप इन्व्हिटचं, म्हणजे पायाभूत मालमत्ता ठेवणाऱ्या आणि शेअरसारखी युनिट विकणाऱ्या ट्रस्टचं. अमेरिकन टॉवरचा भारतातला धंदा २०२४मध्ये ज्या ट्रस्टने घेतला, त्याचं आताचं नाव अल्टियस. जिओची सेवा चालते ते समिट डिजिटेलचे टॉवरही त्याच ट्रस्टकडे आहेत. इन्व्हिटला वाटपयोग्य रोख रकमेतला किमान ९० टक्के हिस्सा युनिटधारकांना द्यावा लागतो. या युनिटचे सौदे फार विरळ होतात. जिथे सलग कित्येक दिवस सौदाच होत नाही, तिथे आरएसआय काढण्यात अर्थ नाही. चार्ट दिसतो म्हणून वाचत बसू नका.

तिसरं रूप अमेरिकेतल्या रीटचं, म्हणजे भाड्याच्या मालमत्ता ठेवणाऱ्या कंपन्यांचं: अमेरिकन टॉवर, क्राउन कॅसल, एसबीए कम्युनिकेशन्स. तिथे हे शेअर रिअल इस्टेट क्षेत्रातच गणले जातात. त्यांच्याबद्दल शेवटी वेगळा टप्पा दिला आहे.

तपासणी: गेल्या साठ सत्रांपैकी एका दिवशीही उलाढाल शून्य असेल, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: घटनांच्या उभ्या रेघा आधी ओढा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. माझ्या मते तोच सर्वांत कामाचा आहे.

इंडिकेटर लावण्याआधी कोऱ्या चार्टवर उभ्या रेघा ओढा. लाल रेघ भाडेकरूच्या बातमीची, निळी तिमाही निकालाची, हिरवी लाभांश, बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) किंवा मोठ्या हिस्साविक्रीची. इंडस टॉवर्सच्या चार्टवर या रेघा तर हव्यातच:

- १९ जून २०२४: व्होडाफोन समूहाने सुमारे १८ टक्के हिस्सा बाजारात विकला. त्या दिवसाची उलाढाल आजूबाजूच्या दिवसांशी तुलना करण्यासारखी नाही.
- ऑगस्ट २०२४: प्रतिशेअर ४६५ रुपयांचा बायबॅक.
- १९ सप्टेंबर २०२४: एजीआरच्या (महसुलातून सरकारला द्यायच्या हिश्श्याच्या) थकबाकीवरच्या दूरसंचार कंपन्यांच्या क्युरेटिव्ह (शेवटच्या फेरविचाराच्या) याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्याचं समोर आलं. व्होडाफोन आयडिया कोसळला आणि त्याच्यासोबत इंडसही जोरात पडला.

तिसरी तारीख नीट समजून घ्या. खटला इंडसचा नव्हताच. पण व्होडाफोन आयडिया हा इंडसचा मोठा भाडेकरू आहे. भाडेकरूच्या मानेवर थकबाकीचा फास आवळला की घरमालकाच्या भाड्याची चिंता सुरू होते. याच कारणाने डिसेंबर २०२२च्या तिमाहीत बुडीत येण्यांची तरतूद करून इंडसला तोटा दाखवावा लागला होता. पुढे २०२४-२५मध्ये जुनी येणी वसूल होऊ लागली, तशा त्याच तरतुदी नफ्यात परत आल्या. म्हणून या शेअरचं कॅलेंडर बनवताना व्होडाफोन आयडियाचे निकाल, भांडवल उभारणी आणि सरकारी निर्णय यांच्या तारखाही त्यात घाला.

सावधान: लाल रेघेनंतरचे १४ दिवस रोजचा आरएसआय त्या एका दिवसाच्या ओझ्याखाली असतो. त्या काळात ‘ओव्हरसोल्ड’ (अवाजवी पडलेला) हा शब्द वापरूच नका.

## टप्पा ३: भाव स्वच्छ करा

बहुतेक अ‍ॅप बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिटसाठी (एका शेअरचे अनेक शेअर करणं) जुने भाव आपोआप जुळवून घेतात. लाभांशासाठी बहुधा जुळवत नाहीत, किंवा त्याचं वेगळं बटण असतं. दोन अ‍ॅपवर वेगळा आरएसआय दिसण्याचं एक कारण हे. दुसरं कारण असं, की काही ठिकाणी सरासरी आरएसआय बनवणाऱ्या वाइल्डरच्या पद्धतीने काढतात आणि काही ठिकाणी साधी. तिसरं कारण अपुरा इतिहास. आरएसआयची संख्या आधीच्या संख्येवर उभी असते, त्यामुळे फक्त तीस दिवसांचा डेटा घातला तर ती अजून स्थिरावलेलीच नसते. किमान दीडशे सत्रं आत जाऊ द्या.

लाभांशाने काय घडतं, ते एकदा हाताने करून बघा. वहीत १४ दिवसांचे फरक लिहा, रुपयांत:

+४, −२, +३, +५, −६, +१, −३, +२, +४, −१, −५, +३, +२, −१

वाढीची बेरीज २४, घटीची १८. १४ने भागल्यावर सरासरी वाढ १.७१ आणि सरासरी घट १.२९. आरएसआय म्हणजे वाढीचा एकूण हालचालीतला हिस्सा: २४ भागिले ४२, म्हणजे ५७. चांगला, निरोगी आकडा.

आता पंधराव्या दिवशी शेअर ११ रुपयांच्या लाभांशावर एक्स झाला आणि भाव नेमका ११ रुपयांनी खाली उघडून तिथेच बंद झाला, असं धरा. वाइल्डरच्या पद्धतीत जुन्या सरासरीला १३ने गुणायचं, आजचा फरक मिळवायचा आणि १४ने भागायचं. सरासरी वाढ १.५९ होते, सरासरी घट १.९८. आरएसआय ४४.६. शेअरधारकाचा एक रुपयाही बुडालेला नाही, ११ रुपये त्याच्या बँक खात्याच्या वाटेवर आहेत, आणि चार्ट मात्र ‘जोर संपला’ असं सांगतोय. हे गणित ज्याने एकदा हाताने केलं, तो एक्स-डेटच्या आठवड्यात आरएसआय बघून घाबरत नाही.

तपासणी: अ‍ॅपमधला कालचा बंद भाव एक्स्चेंजने जाहीर केलेल्या क्लोजिंग भावाशी जुळतो का? दुपारी साडेतीनचा शेवटचा सौदा आणि जाहीर झालेला क्लोजिंग भाव वेगळे असू शकतात. दुपारी दोन वाजता अर्धवट मेणबत्तीवर (चार्टवरची त्या दिवसाची अजून पूर्ण न झालेली दांडी) काढलेला आरएसआय वहीत लिहू नका. बाजार बंद झाल्यावरच नोंद करा.

## टप्पा ४: आधी आठवडा, मग तुलना

रोजचा चार्ट अजून उघडायचा नाही. आठवड्याच्या चार्टवर ४० आठवड्यांची सरासरी लावा. ती साधारण २०० दिवसांच्या सरासरीइतकीच असते. दोनच गोष्टी लिहा: भाव तिच्या वर आहे की खाली, आणि रेघ स्वतः चढतेय, सपाट आहे की उतरतेय. रेघेचा उतार भावाच्या जागेपेक्षा जास्त महत्त्वाचा. उतरत्या सरासरीच्या वर दोन आठवडे डोकं काढलेला शेअर म्हणजे वळलेला शेअर नव्हे.

मग आठवड्याच्या चार्टवरचा १४ आठवड्यांचा आरएसआय. चढत्या शेअरमध्ये तो पडताना बहुधा चाळिशीत थांबतो आणि वर सत्तरी ओलांडतो. उतरत्या शेअरमध्ये वर जाताना पंचावन्न-साठला अडतो आणि खाली तिशीच्या आत जातो. हा ठोकताळा आहे, कायदा नाही. पण ‘७०ला विक, ३०ला घे’ या सरधोपट नियमापेक्षा पुष्कळ उपयोगी. जोरदार चढत्या शेअरचा आरएसआय कित्येक आठवडे सत्तरीच्या वर राहू शकतो. तिथे विकणारा माणूस सगळी चाल बाहेर उभा राहून बघतो.

आता तुलना. तीन महिन्यांचा, म्हणजे ६३ सत्रांचा बदल काढा. समजा, भाव ३२० वरून ३६० झाला: ४० भागिले ३२०, म्हणजे १२.५ टक्के. याच काळात निफ्टी २४,००० वरून २५,२०० गेला: ५ टक्के. १.१२५ला १.०५ने भागलं तर १.०७१ येतात. शेअर बाजारापेक्षा सुमारे ७ टक्के पुढे धावला. हेच सहा महिन्यांसाठी, १२६ सत्रांवर करा. एनएसईचा निफ्टी२०० मोमेंटम ३० निर्देशांकही सहा आणि बारा महिन्यांच्या परताव्यावरच निवड करतो, मात्र तो परतावा शेअरच्या चढउतारांच्या मानाने मोजतो. तसं मोजणं जमलं तर उत्तमच. धडपडत १२ टक्के वाढलेला आणि शांतपणे १२ टक्के वाढलेला शेअर एकसारखे नसतात.

दुसरी तुलना भारती एअरटेलशी. एअरटेल ही इंडसची मालक कंपनी आहे, मोठी भाडेकरूही आहे. दूरसंचार क्षेत्राला चांगले दिवस आले की दोन्ही चढतात. इंडसचा भाव एअरटेलच्या भावाने भागून त्या गुणोत्तराचा आलेख काढा. गुणोत्तर घसरत असताना इंडस चढत असेल, तर तो जोर क्षेत्राचा आहे, टॉवरच्या धंद्याचा नाही. गुणोत्तरही चढत असेल, तरच बाजार टॉवरच्या भाड्याबद्दल काहीतरी चांगलं सांगतोय.

सावधान: ६३ सत्रांच्या बदलात आजच्या भावाइतकंच वजन ६३ सत्रांपूर्वीच्या भावाला असतं. तो पायाचा दिवस एखाद्या आपटीच्या दुसऱ्या दिवसावर आला, तर आज शेअर जागचा हलला नाही तरी टक्केवारी उडी मारते. म्हणून एका दिवसाच्या पायाऐवजी त्या दिवसाच्या आजूबाजूच्या पाच दिवसांची सरासरी घ्या.

आठवड्याची सरासरी उतरती आणि दोन्ही तुलना उणे असतील तर काम इथेच थांबवा. वहीत ‘नाही’ लिहा आणि तारीख टाका. पुढचे टप्पे करत बसलात तर मन कुठूनतरी ‘हो’ शोधून काढतंच.

## टप्पा ५: आता रोजचा आरएसआय

रोजच्या आरएसआयचं काम दिशा ठरवण्याचं नाही, वेळ ठरवण्याचं आहे. दिशा चौथ्या टप्प्यात ठरली.

आठवड्याचा कल वरचा असेल, तर रोजचा आरएसआय ४० ते ५०च्या पट्ट्यात येऊन पुन्हा वर वळण्याची वाट बघा. ३०ची वाट बघू नका. चढत्या शेअरमध्ये तो तिथवर सहसा येतच नाही, आणि आलाच तर बहुधा काहीतरी बिघडलेलं असतं.

बिघडणं कसं दिसतं, ते वरच्याच वहीवर बघा. आरएसआय ५७ असताना पंधराव्या दिवशी भाव बातमीने २० रुपये पडला. सरासरी घट २.६२ होते आणि आरएसआय ३७.८. म्हणजे ५७ वरून एका फटक्यात ३८. असा ३८ आणि दहा दिवस थोडं थोडं नफावसुलीने उतरून आलेला ३८, हे दोन आकडे सारखे दिसले तरी अर्थाने वेगळे आहेत. दुसऱ्यात विक्री दमत आलेली असते. पहिल्यात विकणारे अजून आपले हिशेब मांडत असतात, मोठ्या फंडांना हिस्सा कमी करायला कित्येक दिवस लागतात. म्हणून आरएसआयचा आकडा लिहिताना शेजारी तो तिथवर ‘किती दिवसांत’ आला, तेही लिहायला मी सगळ्यांना सांगतो. एवढ्या एका रकान्याने आमच्या गटातल्या निम्म्या घाईच्या खरेद्या थांबल्या.

डायव्हर्जन्सबद्दल थोडक्यात. भाव नवा तळ करतो, आरएसआय करत नाही, ही खूण चांगली आहे. पण दोन तळांमध्ये लाल रेघ असेल तर ती मोजू नका. पहिला तळ बातमीने झालेला असतो, त्यामुळे दुसरा आपोआपच उथळ दिसतो.

तपासणी: आरएसआयची मुदत १४च ठेवा. १४वर मनासारखं दिसलं नाही म्हणून ९ करून बघणं म्हणजे उत्तर आधी ठरवून उदाहरण सोडवणं.

## टप्पा ६: मॅकडी, फक्त दुजोऱ्यासाठी

मॅकडी म्हणजे भावाच्या १२ आणि २६ दिवसांच्या सरासरींमधला फरक, आणि त्या फरकाची ९ दिवसांची सरासरी म्हणजे सिग्नल रेघ. १२, २६ आणि ९ ही नेहमीची मापं बदलू नका. शून्याच्या वरच राहून खाली आलेली मॅकडीची रेघ पुन्हा सिग्नल रेघ ओलांडून वर गेली, तर पाचव्या टप्प्याला दुजोरा मिळाला. शून्याच्या बऱ्याच खाली झालेली ओलांडणी ही बहुतेक वेळा उसळी असते, कल नसतो.

मॅकडी रुपयांत येतो, म्हणून दोन शेअरचे आकडे थेट ताडू नका. ३६० रुपयांच्या शेअरचा ४ आणि १,९०० रुपयांच्या शेअरचा १५, यांत मोठा कोण? भावाने भागा: पहिला १.१ टक्के, दुसरा ०.८. जोर पहिल्यात जास्त आहे.

आणखी एक गोष्ट, मला ती फार महत्त्वाची वाटते. आरएसआय, मॅकडी, स्टोकॅस्टिक (असाच आणखी एक इंडिकेटर) आणि चौथ्या टप्प्यातली टक्केवारी ही चारही भावापासूनच बनतात. चौघांनी ‘हो’ म्हटलं म्हणजे चार साक्षी झाल्या असं होत नाही, एकाच साक्षीदाराला चारदा उभं केलं एवढंच. वेगळी साक्ष हवी असेल तर उलाढालीकडे जावं लागतं.

## टप्पा ७: उलाढाल आणि डिलिव्हरी

वीस दिवसांची सरासरी उलाढाल काढा. चढत्या दिवसांची उलाढाल सरासरीच्या वर आणि उतरत्या दिवसांची खाली असेल, तर चाल खरी. मग डिलिव्हरीचं प्रमाण बघा. एकूण सौद्यांपैकी किती शेअर खरोखर डिमॅट खात्यात गेले, ते यातून कळतं. भाव चढतोय आणि डिलिव्हरीचं प्रमाण घसरतंय, म्हणजे त्या दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्यांची गर्दी आहे.

मात्र ब्लॉक डीलचे (एकगठ्ठा मोठ्या सौद्यांचे) दिवस सरासरीतून काढून टाका. १९ जून २०२४चा दिवस आत राहिला तर पुढचे वीस दिवस उलाढाल ‘कमी’ दिसेल आणि चांगल्या चालीवरचा तुमचा विश्वास उगाच उडेल. फ्युचर्सच्या एक्स्पायरीचा (मुदत संपण्याचा) दिवसही वेगळा धरा.

## टप्पा ८: पैसे किती लावायचे

भांडवल २ लाख असेल आणि एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे २,००० रुपये गमवायची तयारी असेल, असं धरू. खरेदी ३६०ला. शेअरची रोजची सरासरी हालचाल, म्हणजे १४ दिवसांचा एटीआर, ९.६ रुपये. त्याच्या अडीच पट २४. स्टॉपलॉस (तोटा आवरायला आपोआप विकण्याचा भाव) ३३६ला. २,००० भागिले २४, म्हणजे ८३ शेअर, जवळपास ३० हजारांची खरेदी.

हे गणित साध्या शेअरला पुरतं, टॉवरला पुरत नाही. रात्री बातमी आली आणि सकाळी सव्वानऊला शेअर १० टक्के खाली, ३२४ला उघडला, तर तुमचा ३३६चा स्टॉपलॉस ३३६ला लागत नाही, ३२४ला लागतो. तोटा ३६ गुणिले ८३, म्हणजे २,९८८ रुपये. ठरवलेल्यापेक्षा निम्म्याने जास्त. म्हणून येत्या १५ दिवसांत कॅलेंडरवर लाल किंवा निळी रेघ असेल, तर संख्या निम्मी करा. न्यायालयाची सुनावणी असेल तर थांबा.

फ्युचर्समध्ये हे करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती. सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. एका रात्रीत १० टक्के सरकू शकणाऱ्या शेअरवर उसनं बळ घेऊन उभं राहणं पगारदार घराला परवडणारं नाही.

खर्चही मोजा. डिलिव्हरीत खरेदीवर आणि विक्रीवर प्रत्येकी ०.१ टक्के एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर) लागतो. २३ जुलै २०२४पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतर तो १२.५ टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर. महिन्यात तीनदा आत-बाहेर करणाऱ्याचा मोमेंटम सरकार आणि ब्रोकर वाटून घेतात.

## टप्पा ९: अमेरिकन टॉवर रीट असेल तर काय बदलायचं

क्रम तोच, रेघा वेगळ्या. तिथल्या रीटना करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग लाभांश म्हणून वाटावा लागतो, त्यामुळे गुंतवणूकदार हे शेअर व्याजाच्या पर्यायासारखे बघतात. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा चढला की टॉवर रीट दबतात. २०२२ आणि २०२३मध्ये फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, व्याजदर वाढवत असताना तिन्ही मोठे टॉवर शेअर याच कारणाने घसरले. म्हणून तिथे एअरटेलच्या जागी दहा वर्षांच्या रोख्यांच्या परताव्याचा आलेख शेजारी ठेवा आणि फेडच्या बैठकांच्या तारखा लाल रेघेने ओढा.

लाभांश तिमाही असतो. वर्षातून चार वेळा तिसऱ्या टप्प्यातली गंमत घडते, म्हणून लाभांशासाठी जुळवलेलेच भाव वापरा. क्राउन कॅसलने मार्च २०२५मध्ये फायबर आणि स्मॉल सेलचा (छोट्या अँटेनांचा) धंदा विकण्याचा करार जाहीर करताना लाभांशही कमी करणार असल्याचं सांगितलं. अशा दिवसाआधीचा आणि नंतरचा मोमेंटम सलग धरू नका, कंपनीच बदललेली असते.

वेळेचं भान ठेवा. न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री दीड आणि हिवाळ्यात ८ ते अडीच चालतो. रात्री जेवण आटोपून बघितलेला आकडा अर्धवट मेणबत्तीचा असतो. नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी करा. आणि मोमेंटम डॉलरमध्येच मोजा. रुपयात बदलून मोजला तर रुपयाची घसरण शेअरचा जोर म्हणून मिरवेल.

## टप्पा १०: पान कसं भरायचं

एका शेअरला एक पान. वर तारीख आणि बंद भाव. खाली या ओळी, याच क्रमाने: पुढच्या ३० दिवसांतल्या रेघा, ४० आठवड्यांच्या सरासरीचा उतार, आठवड्याचा आरएसआय, निफ्टीशी तुलना, एअरटेलशी गुणोत्तर, रोजचा आरएसआय आणि तो किती दिवसांत तिथे आला, मॅकडी, डिलिव्हरी. सर्वांत खाली निर्णय एका वाक्यात, आणि तो कशाने चुकीचा ठरेल तेही. ‘भाव ३३६च्या खाली बंद झाला’ हे चालेल. ‘वाटलं तर विकू’ चालणार नाही.

पान दर शनिवारी भरा. रोज भरलं तर रोज काहीतरी करावंसं वाटतं. मध्येच लाल रेघेची घटना घडली तर जुनं पान रद्द समजून नवं लिहा.

न केलेल्या सौद्यांनाही पान द्या. वेस्टर्न कोलफिल्ड्समधून निवृत्त झालेले एक काका आमच्यात येतात. त्यांच्या वहीत घेतलेल्या शेअरपेक्षा सोडलेल्यांचीच पानं जास्त आहेत. एका पानावर निळ्या शाईत एवढंच आहे: ‘रोजचा आरएसआय ३१, दोन दिवसांत ५५ वरून. आठवड्याची सरासरी उतरती. निकाल मंगळवारी. घेतला नाही.’ त्याखाली सहा आठवड्यांनंतरचा भाव पेन्सिलने लिहिलेला आहे. दर पानाखाली ते तसा लिहितात, सोडलेला शेअर नंतर चढलेला असला तरी.